मोरचुदाचा निळा रंग

शिक्षक मंडळी, आज मी माझ्याच नियमात अडकले.

अकरावीला रसायनशास्त्र मी गटांत शिकवते. चौघींचा गट, प्रत्येकीला काम वाटून दिलेलं. मी उत्तर सांगायचं नाही, फक्त पुढचा प्रश्न विचारायचा.

आज मोरचूद तापवलं. निळे खडे पांढरे पडले. पाण्याचे थेंब टाकले, तर परत निळे! गटाच्या वतीनं बोलायचं काम प्रणालीकडे होतं. तिची कारंजाला संत्र्याची बाग आहे, झाडांवरच्या बुरशीसाठी वापरतात म्हणून मोरचूद तिच्या ओळखीचं.

"मॅडम, भुकटी पांढरी, पाण्याले रंग नाई. मंग निळा आला कुठून?"

'निळा रंग स्फटिकजलामुळे येतो' हे पुस्तकातलं वाक्य मला पाठ आहे. त्याचा अर्थ मात्र मला कधीच नीट कळलेला नाही. म्हणून मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"आमी तेच तर इचारून राह्यलो."

चौघी माझ्याकडे बघत होत्या. मी हसून म्हटलं, "उत्तर सांगणं नियमात बसत नाही गं."

प्रणाली शांतपणे म्हणाली, "मॅडम, 'मले येत नाई' असं म्हणणं बी नियमात बसत नाई काय?"

मी घंटेची वाट पाहत उभी राहिले.

उद्या पहिला तास त्यांचाच आहे. तुम्ही असता तर वर्गात शिरून पहिलं वाक्य काय बोलला असता?