फ्लॉपीच्या खाचेवरची टिकली

सौंसरच्या आमच्या कॉम्प्युटर वर्गात मशीन एकच, आणि ते सुरू करणारी फ्लॉपीही एकच. ती बिघडली की वर्ग बंद, म्हणजे माझी नोकरीही बंद. नवरा वारल्यावर मिळालेली ती पहिली नोकरी. पांढुर्ण्याहून रोज बसनं येऊन मी शिकवायची.

त्या वर्षी नागपूरहून व्हायरसची बातमी आली. जो तो मलाच विचारे, "बाई, तोंडाला रुमाल बांधाचा काय?" अरे देवा! तो सर्दीसारखा हवेतून येत नाही, एका फ्लॉपीतून मशीनमध्ये शिरतो आणि तिथून दुसऱ्या फ्लॉपीवर आपली नक्कल लिहितो, हे सांगून सांगून माझा घसा बसला. फ्लॉपीच्या कडेला एक खाच असते. ती झाकली की मशीनला त्या फ्लॉपीवर काही लिहिताच येत नाही, मग व्हायरस तरी कसा लिहिणार? झाकायच्या पट्ट्या संपलेल्या. मी बाजारातून मोठ्या मखमली टिकल्यांचं पाकीट आणलं आणि एक टिकली खाचेवर दुमडून पक्की बसवली.

वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांना आम्ही काकाजी म्हणायचो. त्यांची नजर नेमकी तिच्यावर गेली.

"बाई, हे काय करून राहिल्या? तुमच्या हातानं टिकली? लोक काय म्हणतीन?"

"काकाजी, कपाळाला नाही, फ्लॉपीला लावली." मी पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावलं. ते मान हलवत राहिले. मला वाटलं, पटलं. कसलं पटतंय!

रविवारी मी घरी होते, त्यामुळे पुढचं मला मागाहून कळलं. काकाजींनी टिकली खरवडून काढली. त्याच दिवशी त्यांचे जावई नागपूरहून आले होते, गेमची फ्लॉपी घेऊन. जावईबापूंना नाही कोण म्हणणार? खेळ झाल्यावर जावईबापूंनी मशीन बंद न करताच आमची फ्लॉपी आत घातली.

सोमवारी वर्ग पुढे चालवायचा की नाही हे ठरवायला संस्थेच्या समितीची माणसं आली. थोडा वेळ मशीन नीट चाललं. मग पडद्यावर एक ठिपका टणाटण उड्या मारायला लागला, अक्षरांवरून, ओळींवरून. मी फ्लॉपी बाहेर काढून पाहिली, तर खाचेवर टिकलीच नाही.

"बाईंच्या हातून बिघडलं," कोणीतरी म्हणालं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "टिकली कोणी काढली ते विचारा!"

"मीच काढली," काकाजी शांतपणे म्हणाले. "अभद्र दिसत होतं ते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. व्हायरसबद्दल एकानंही विचारलं नाही. मी बोलत होते, पण ऐकतो कोण?

वर्ग बंद झाला नाही. नागपूरहून दुसरी फ्लॉपी मागवायचं ठरलं. माझ्या जागी काकाजींच्या जावयांना घेतलं. त्यांना कॉम्प्युटर येतो का, असं मी विचारलं, तर समितीतले एक जण माझ्यावरच डाफरले, "येत नाही म्हणजे? त्यांच्याजवळ तर स्वतःची फ्लॉपी आहे!"