घागरीवरचं नाव

"घागरीवर नाव कुणाचं?" असं विचारून बाई दोन बोटांनी पितळेवर टिचकी मारायच्या. उत्तर येईपर्यंत टिचक्या चालूच.

जिल्हा नवा झाला तेव्हा मी बदलून लातूरच्या कचेरीत आलो. बाई आमच्या समोर राहायच्या, मुलींच्या शाळेत शिकवायच्या. रविवारी कसल्याशा बायकांच्या सभेला जायच्या, म्हणून गल्लीनं त्यांना 'स्त्रीमुक्तीवाली' ठरवून टाकलं होतं. बाई तिथं बायकांना नवरे सोडायला शिकवतात, असं मीही ऐकून होतो. वर्षभर लक्ष ठेवलं. गल्लीत एकही संसार मोडला नाही. उलट बाई कुंकू लावायच्या, वेळा अमावस्येच्या सणाला आमच्याकडे भज्जीच्या भाजीचा डबा पाठवायच्या. माझा हिशेब काही जुळेना.

मग दुष्काळ पडला. टँकर सकाळी यायचा, घागरी त्याआधीच रांगेत लागायच्या. घागर घेताना दुकानातच तिच्यावर नाव कोरून घ्यायची आपल्याकडची रीत तुम्हालाही माहीत आहे.

एकदा कचेरीला निघालो तर बाईंनी अडवलं.

"भाऊ, मोजा बरं, रांगेत पुरुष किती?"

"एकही नाही."

"नीट वाचा की."

सव्वीस घागरी. चोवीसांवर पुरुषांची नावं. सातवीवर माझं, आणि तिच्यामागे माझी बायको उभी.

तिचं पिशवीचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते. तीन महिने वजन उचलू नका, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. पाणी शेजारीण आणून देते, असं ती सांगायची. कचेरीत मी प्रत्येक कागद दोनदा तपासतो. हे मात्र तपासलं नव्हतं.

"घागरीवर नाव कुणाचं?"

"माझं."

"मग उचला की. टाके तिच्या पोटाला हायत, तुमच्या हाताला न्हाईत."

उचलली. रांग खिदळली. "भाऊजी, पदर तर घ्या डोक्यावर!" सगळ्यांत जास्त लाजली ती माझी बायकोच.

पुरुषानं पाणी भरायचं म्हणजे स्त्रीमुक्ती, अशी मी मनाशी नोंद केली. ती आठवडाभर टिकली. एका सकाळी बाई स्वतःच दोन घागरी घेऊन येताना दिसल्या आणि त्यांचे यजमान, म्हणजे सर, ओट्यावर बसलेले.

"हे कसं काय, बाई?"

"सरांची पाठ धरली हाय."

"पण मग स्त्रीमुक्ती?"

"अवो, दुखणं काय बाई-पुरुष बघून येतंय का?"

मी पुन्हा गोंधळलो.

एक्क्याण्णवाव्या दिवशी मी घागर बायकोच्या हाती दिली. डॉक्टरांची मुदत संपली होती. बाईंनी दारातूनच बघितलं.

"का हो भाऊ, आजपासून तुम्हाला तहान लागत न्हाई का?"

त्यांना नीट विचारून घ्यावं, हे तुमचं स्त्रीमुक्तीचं नेमकं असतं तरी काय, असं ठरवलं. पण त्याच आठवड्यात त्यांची नांदेडला बदली झाली. सामान भरलेला टेम्पो गेला आणि माझा प्रश्न राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर वाजला. बायको घागरीकडे वाकली. कसं कोण जाणे, मी विचारलं, "दुखतं का गं अजून?"

ती तशीच वाकून राहिली. नव्वद दिवस मी नुसते मोजले होते.

"दुखतं," ती म्हणाली. "लई न्हाई."

मी घागर उचलली. समोरच्या दाराला कुलूप होतं.