हंगामानंतरचा आवाज

अमरावतीच्या फळबाजारासमोर माझं औषधांचं दुकान आहे. संत्र्यांचा हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारणारा एक माणूस तिथं घशाच्या गोळ्या घ्यायला यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. गळा दोन बोटांत धरून तो घोगऱ्या आवाजात म्हणायचा, "काका, द्या तुमची मिठाई." हंगामात त्याचा आवाज बसायचाच आणि हंगाम संपला की मोकळा व्हायचा.

त्या वर्षी हंगाम संपून दीड महिना झाला, तरी आवाज बसलेलाच होता. त्यात तो तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचा. तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही तर घशाच्या डॉक्टरला दाखवायलाच हवं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

एकदा त्यानं हसत विचारलं, "काका, कॅन्सर-बिन्सर तं नसन ना?" उत्तर येईपर्यंत त्यानं गळ्यावरचा हात काढला नाही.

त्या शब्दाला मीच घाबरलो. म्हणालो, "काही नाई गा. घसा आहे, बसते."

"तुमी म्हन्ता म्हन्जे झालं. मंग डॉक्टरले कायले दाखवू?" असं म्हणून तो खुशीत गेला.

पुन्हा तो आला नाही. बाजार रस्त्यापलीकडेच आहे. त्याचं काय झालं, हे विचारायला मी आजवर तिकडे गेलेलो नाही.