काचेतली घंटा
कपाट आवरताना जुन्या वहीत ती काच सापडली आणि आमोण्याच्या रस्त्यालगतचं आमचं घर आठवलं. गोवा नुकतंच घटकराज्य झालं होतं, मी कॉलेजात होते, आणि सरांनी सुट्टीपुरता दिलेला लेझर घेऊन कोठीच्या खोलीत होलोग्राम, म्हणजे काचेमागे वस्तू खरीच उभी असल्यासारखं दिसणारं चित्र, करायच्या मागे लागले होते. वाळूच्या पेटीवर पितळी घंटा, तिच्यापुढे फिल्मची काच, खिडकीला गोणपाट. तरी काच दरवेळी कोरीच निघायची, कारण खनिजाचे ट्रक जाताना जमीन थरथरायची आणि केसभर हादराही चित्र पुसून टाकायचा. एकच काच उरली तेव्हा मी बाबांवर भडकले, कारण त्यातला एक ट्रक तेच चालवायचे. "तुका कितलो वेळ जाय?" त्यांनी शांतपणे विचारलं. "एक मिनिट!" दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला बाबांनी वळणावर ट्रक आडवा घातला, बॉनेट उघडलं आणि बिघाड शोधायचं सोंग केलं. दोन्ही बाजूंना रांगा लागल्या, लांबवर हॉर्न कोकलत राहिले, पण आमची जमीन गप्प बसली आणि तेवढ्यात मी लेझर काचेवर सोडून चित्र घेतलं. धुतलेली काच बाबांनी उन्हात धरली, मान इकडेतिकडे केली आणि काचेमागे हात घालून चाचपलं, "अगो, घांट खंय आसा?" आम्ही पोट धरून हसलो. आज काच उन्हात तिरकी धरली, तर घंटा तशीच लखलखली. कानात मात्र वाजले ते बाबांनी अडवलेले सगळे हॉर्न.