आत्याची टिचकी

माझी आत्या एका लॉजमध्ये पलंग लावते. चादर चारी बाजूंनी गादीखाली खोचायची आणि मग मधल्या बोटाने तिच्यावर टिचकी मारून बघायची. टिचकी टप्पकन वाजली तरच पलंग पास. लॉजचा मॅनेजरही त्या टिचकीला वचकून असतो, मग आमची काय कथा.

एकदा चादर खोचताना तेच बोट गादीखाली अडकून दुमडलं. दुखलं फारसं नाही, पण शेंडा खाली लोंबला तो वर येईचना. आत्याने आधी बोटाला दम दिला, मग तेल चोळलं, आणि नाइलाज झाला तेव्हा मला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाईंनी समजावलं, की बोटाच्या पाठीवरून शेंड्यापर्यंत एक दोरी जाते, तिला कंडरा म्हणतात, आणि ती टोकाशी तुटली आहे. पायजम्याची नाडी तुटल्यासारखं का, असं आत्याने विचारलं. बाईंनी मान्य केलं. बोट सरळ राहिलं तरच तुटलेली टोकं जुळतात, म्हणून सहा आठवडे पट्टी. शेंडा एकदा जरी वाकला तरी पुन्हा पहिल्यापासून.

आत्याने मान डोलावली. पण ऐकणं वेगळं आणि मानणं वेगळं, ही आमच्या घराण्याची रीत.

पट्टी सुटायला थोडेच दिवस उरले असताना ती लॉजवर सहज डोकावली. तिच्या जागी आलेल्या नव्या बाईने लावलेला पलंग दिसला आणि तिला राहवेना. पट्टी काढून तिने टिचकी मारली. चादर सैल निघाली आणि बोट पुन्हा लोंबलं.

त्या दिवशी ती जेवली नाही. "आता नाहीच जुळलं तर? खोचताना हे बोट मध्ये येणार. मला कामावर ठेवेल कोण?" आत्याला घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मला तिच्याबद्दल फार माया वाटली.

पुन्हा पट्टी. पट्टी काढताना बोट टेबलावर सपाट ठेवायचं आणि धुताना शेंडा मी खालून धरायचा. नीट धरता येत नाही म्हणून बोलणीही मीच खायची.

अखेर पट्टी निघाली. शेंडा थरथरला, पण पडला नाही. आत्याचे डोळे भरून आले. एवढ्यात जोर द्यायचा नाही, असं बाई सांगत होत्या, तोवर तिचा हात तपासणीच्या पलंगावर गेलाही होता. मधलं बोट अंगठ्याकडे वळू लागलं. आत्या थांबली. उजवा हात मांडीवर ठेवून तिने डाव्या हाताने चादरीवर टिचकी मारली.

"सैल आहे," ती बाईंना म्हणाली, "पण आज मी खोचणार नाही."