नात्यांच्या शब्दांची यादी

आई जाऊन सोळा दिवस झाले होते. व्हिसा वाढवायचा अर्ज दिलेला. तो मंजूर होण्याआधी देश सोडला की रद्द. म्हणून नागपूरचं सगळं मी नॉटिंगहॅमच्या खोलीत मोबाइलवर पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. रडू आलं नाही. 'आई गेली' हे दोन शब्द अजून एकदाही माझ्या तोंडून निघाले नव्हते. ते आता कधी निघणारच नाहीत की काय, अशी बधिर भीती होती.

काम म्हणजे मालिसीट-पासामाक्वाडी भाषेतले शब्द रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचे. भाषा कॅनडा-अमेरिकेच्या सीमेवरची, आता थोड्याच म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरलेली. तिचं रोमन स्पेलिंग इंग्रजीसारखं वाचलं की फसलात. 'ओ' हे अक्षर लिहायचं आणि आपला 'अ' म्हणायचा. 'के' लिहायचं आणि दोन स्वरांमध्ये आला की 'ग' म्हणायचा. माझे इंग्रज सहकारी घायकुतीला येत. मी वहीत सगळं देवनागरीत उतरवून घेई आणि फुकटची हुशार ठरे.

दर गुरुवारी तिकडच्या एक बाई, ऐंशीच्या पुढच्या, व्हिडिओवर येत. त्यांची पद्धत एकच: टाइप केलेलं मी मोठ्यानं वाचायचं, त्यांना कळलं तर शब्द पास. त्या गुरुवारी नात्यांचे शब्द होते. त्या भाषेत नुसती 'आई' म्हणता येत नाही. माझी, तुझी, तिची, कुणाची तरी असावीच लागते. मी वहीत बघून वाचलं, "निगुवस." माझी आई.

"पहिल्याच झटक्यात!" बाई खूश झाल्या. "तुझी आई बरी आहे ना?"

"फाइन, थँक यू," मी म्हणाले. सात वर्षांत या देशानं जीभ अशी वळवली आहे. पाय मोडला तरी फाइन.

"तिला सांग, मुलगी कान देऊन ऐकते."

"सांगते."

शब्दापुढे पासची खूण केली. कॉल संपला. खोटं बोलल्याची लाजसुद्धा वाटली नाही, आणि त्याचीच जरा धास्ती बसली. मी दादाला फोन लावला. तो नुकताच ऑफिसातून घरी पोचला होता.

"दादा, आई गेली रे."

अग्नी त्यानंच दिला होता.

"हो गं," तो म्हणाला. "गेली."