काकांच्या लेथवरची चाकं

वर्कशॉपमध्ये किस्से कोणी गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की एक निघतो, त्याला धरून दुसरा निघतो. अंबड एमआयडीसीतलं आमचं वर्कशॉप म्हणजे एक गाळा, चार मशीन आणि आम्ही तिघं. मी मालकीण; वडिलांच्या मागे गाळा माझ्याकडे आला. मिलिंग मशीनवर सलीमभाई. आणि वडिलांच्या वेळेपासून जुन्या लेथवर उभे असलेले दिनकरकाका.

मोठी कामं आता सगळी कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवाल्यांकडे जातात. काकांच्या हातलेथला उरलं ते एकच गिऱ्हाईक, इंजिनिअरिंगची पोरं. ती स्पर्धेसाठी रोबो बनवतात. त्यांना चाकं लागतात, ती पण दोन नाहीतर चार, आणि चार चाकांसाठी कुठलाही मोठा कारखानदार मशीन लावत नाही. पोरं यायची थांबली तर लेथ भंगारात आणि काका घरी. "घरी बसवलंस ना ताई, तर सहा महिन्यांत फोटोला हार घालशील," असं काका मला तोंडावर सांगायचे. हे थट्टेत नसायचं.

*

पहिली टीम आली तेव्हाची गोष्ट. पाच पोरं, सगळ्यांचे सारखे टी-शर्ट, आणि हातात लॅमिनेट केलेलं ड्रॉइंग! चाकाचा बाहेरचा व्यास साठ मिलिमीटर, आणि मधलं भोकही साठ मिलिमीटर. कॉलेजच्या सरांची त्यावर सही होती.

काकांनी ते दोनदा उलटसुलट केलं आणि गंभीरपणे विचारलं, "पिशवी आणलीय का?"

"कशाला काका?"

"भोक न्यायला! चाक तर काय उरत नाय!"

पोरं लाजली, पण दुसऱ्या दिवशी नवं ड्रॉइंग घेऊन आली. तेव्हापासून दर वर्षी येतात.

*

रोबोला वजनाची मर्यादा असते. एका टीमचा रोबो जास्त भरला. काकांनी चाकांना भोकं पाडून पाडून त्यांची चाळणी केली, तरी थोडं उरलंच. पोरं रडकुंडीला आली. शेवटी सलीमभाईंनी रोबोवरची ॲल्युमिनियमची जाड पाटी दाखवली. तिच्यावर संस्थेचे अध्यक्ष, सचिव आणि प्राचार्य यांची नावं कोरलेली होती.

पाटी काढली आणि रोबो वजनात बसला!

सलीमभाई म्हणाले, "साहब लोग उतरले, आता गाडी पळेल."

*

मग तिरप्या रोलरच्या चाकांचं काम आलं. या चाकांना टायर नसतो, कडेने तिरपे बसवलेले छोटे रोलर असतात. दोन चाकांचे डावीकडे झुकलेले, दोन चाकांचे उजवीकडे. ही चाकं लावली की रोबो न वळता बाजूलाही सरकतो. ड्रॉइंगमध्ये दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी होत्या.

काकांनी चारही चाकं एकाच बाजूची केली.

पोरांनी आमच्याच फरशीवर रोबो सोडला. सरळ जायचं सोडून तो तिरका निघाला आणि भिंतीवर आपटला. परत सोडला, परत तिरका. सगळे माझ्याकडे बघायला लागले. काका हातातलं फडकं खांद्यावर टाकून म्हणाले, "तुम्ही सांगितलं रोबो, मी केला बुद्धिबळातला उंट!"

आम्ही पोट धरून हसलो. दोन चाकं पुन्हा नव्यानं केली. त्या संध्याकाळी मला काका तेच ड्रॉइंग नाकाला लावून बघताना दिसले. मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

*

एमआयडीसीत डोळे तपासणीचं शिबिर लागलं तेव्हा मी काकांना जवळजवळ ओढत नेलं. मोठी रांग होती. काका शांतपणे उभे होते, नंबर आला तसे जाऊन स्टुलावर बसले आणि डॉक्टरीणबाईंनी तक्त्यावर छडी ठेवायच्या आत खणखणीत आवाजात शेवटची ओळ म्हणून मोकळे झाले. "र, ग, प, ट, म!"

बाई म्हणाल्या, "काका, मघाशीच तक्ता बदललाय. हा इंग्रजी आहे."

रांगेत पुढच्या माणसांचं ऐकून त्यांनी आख्खा तक्ता पाठ केला होता! पण हार मानतील ते काका कसले? "मग मी मराठीत भाषांतर करून सांगितलं," म्हणाले.

मी हसले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथं कळलं की साखरेनं दोन्ही डोळ्यांचे पडदे खाल्लेत. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते इंजेक्शनं देऊन टिकवायचं. मशीनवर उभं करू नका, असं तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं.

मी उभं केलं. काकांनी हात जोडले आणि मला ते बघवेना. फक्त पोरांची चाकं करायची, आणि सलीमभाई शेजारी असतील तेव्हाच, एवढी अट घातली. हा शहाणपणा नव्हता, मला तेव्हाही ठाऊक होतं.

*

माप घ्यायचं म्हणजे व्हर्निअरवरच्या बारीक रेघा वाचायच्या. काकांना त्या दिसेनात. पण तसं म्हणणार कोण? ते चाक सलीमभाईंच्या हातात द्यायचे आणि मास्तरासारखे विचारायचे, "बघू सलीम, तुला वाचता येतंय का. किती भरलं?"

सलीमभाई वाचून दाखवायचे. काका मान डोलवायचे, "शाब्बास. बरोबर हाय."

रोज दहा-दहा वेळा ही परीक्षा चालायची. सलीमभाई एकदा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ताई, तीस साल काम केलं, आता परत ॲप्रेंटिस झालो!" आणि डोळे पुसून मशीनवर गेले.

*

शुक्रवारी सलीमभाई नमाजाला जायचे. मी पुढच्या ऑफिसात असायचे. तेवढ्या वेळात काका अट मोडायचे. चाक पोराच्या हातात ठेवून म्हणायचे, "घे, केसाचा फरक नाय."

फरक असायचा. पोरं म्हणायची, "वा काका, परफेक्ट!" मग रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीमागे जाऊन मोजायची, आणि सोमवारी मागच्या शटरनं येऊन सलीमभाईंकडून गुपचूप दुसरं करून न्यायची. एकानं कधी तोंड उघडलं नाही. माझ्या गाळ्यात असं काही चाललंय, हे मला फार उशिरा कळलं.

मग आली प्राजक्ता. देवळा तालुक्यातली पोरगी, टीमची कॅप्टन. शुक्रवारच होता. काकांनी चाक दिलं. तिनं खिशातून स्वतःचा व्हर्निअर काढला आणि काकांच्या समोर भोक मोजलं.

"काका, पाव मिलिमीटर मोठं झालंय. मोटरचा शाफ्ट लय हलंल यात."

मी ऑफिसातून बाहेर येत होते, तिथंच थांबले. तिच्या मागची पोरं खाली बघायला लागली. एकानं तिच्या दंडाला चिमटा काढला.

काका म्हणाले, "बाकीचे टपरीमागं जाऊन मोजतात. तू हितं मोजलंस. बरं केलंस."

त्यांनी चाक भंगाराच्या डब्यात टाकलं. त्या दिवसानंतर प्राजक्ताचं काम असलं की ते शुक्रवार सोडून करायचे, आणि प्रत्येक चाक आधी तिच्या हातात द्यायचे.

*

तिच्या स्पर्धेला दोन दिवस राहिले होते. चारपैकी तीन चाकं झाली होती, तिनं मोजून पास केली होती. चौथं लेथवर लागलेलं. दुपारचे तीन. शटर पूर्ण वर, बाहेर टळटळीत ऊन. सलीमभाई काकांच्या उजव्या हाताला, प्राजक्ता डाव्या हाताला, मी मागे चहाचे पेले धरून उभी.

चाक गरगर फिरत होतं, ॲल्युमिनियमचा पांढरा कीस लांबच लांब निघत होता. काका काहीतरी सांगत होते तिला, हात हलका ठेवायचा वगैरे. बोलता बोलता थांबले. सवयीनं हँडल फिरवून त्यांनी टूल मागे घेतलं, अगदी नीट. मग मान वर केली.

"लाइट गेली का गं?"

लेथ चालूच होता.

सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं. मग हात लांब करून बटण दाबलं. चाक हळूहळू फिरत थांबलं.

प्राजक्तानं काकांच्या कोपराला धरलं आणि त्यांना स्टुलावर बसवलं.

"हो काका," ती म्हणाली. "गेली. सगळ्या एमआयडीसीची गेली."

शेजारच्या गाळ्यातली पत्रा कापायची प्रेस धाडधाड चालू होती.

काका जरा वेळ ऐकत बसले. मग म्हणाले, "बरं. आली की सांगा."